कामठी, कार्डिफ आणि मॅनहॅटन

नागपुरात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी या शहराचा मोठा वारसा उभा असतो. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात विव्हियन बोस आणि मोहम्मद हिदायतुल्ला यांच्यासारखे, केंब्रिजला शिकून आणि लंडनहून बॅरिस्टर होऊन परतलेले अध्यापक होऊन गेले आणि पुढे त्या दोघांनीही सर्वोच्च न्यायालयाचे न्यायासन भूषविले. १९३६ मध्ये येथे स्वतंत्र उच्च न्यायालय आले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले, आणि ज्यांनी याच खंडपीठात वर्षानुवर्षे वकिली केली ते अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. असे असूनही एखाद्या विद्यार्थ्याने तीन किंवा पाच वर्षांचा अभ्यासक्रम उत्तम गुणांनी पूर्ण करावा, अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी भरविल्या जाणाऱ्या लुटुपुटीच्या खटल्याच्या, स्पर्धा जिंकाव्यात, आणि तरीही ज्याच्या खिशात वकिलाची फी नाही अशा एकाही माणसाशी त्याचे अर्धा तास बोलणे झालेले नसावे, हे आजही सहज घडू शकते.

अशा विद्यार्थ्याच्या आयुष्यात कधी व्याख्यानाच्या, कधी कार्यशाळेच्या, तर कधी परदेशातील उच्च शिक्षणाच्या निमित्ताने एखादा सामाजिक न्यायाची वकिली करणारा परदेशी वकील येतो. सामाजिक न्यायाची वकिली म्हणजे एका अशिलाचा एक दावा जिंकून न थांबता, ज्या परिस्थितीमुळे त्या अशिलासारख्या हजारोंवर अन्याय होतो ती परिस्थितीच न्यायालयापुढे उभी करण्याचे काम. या भेटीतून विद्यार्थ्याला नेमके काय मिळते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. परदेशातला कायदा मिळतो, हे उत्तर वरवरचे आहे, कारण तो पुस्तकातही मिळतो. खरी देणगी असते ती एका कार्यपद्धतीची, आणि ती पद्धत आपल्या जिल्ह्यात लावून पाहिल्याशिवाय तिचा अर्थ विद्यार्थ्याला कळत नाही. हे समजून घेण्यासाठी जामिनाइतके चांगले उदाहरण नाही.

ज्याच्यावरील खटल्याचा निकाल लागलेला नाही आणि तरीही जो तुरुंगात आहे, त्याला आपल्याकडे कच्चा कैदी म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष असतो. जामीन मंजूर झाला की त्याने बाहेर यावे अशी अपेक्षा असते, पण मंजुरी आणि सुटका यांच्यामध्ये जामीनदार नावाची एक भिंत उभी राहते. आरोपी तारखेला हजर न राहिल्यास अमुक रक्कम भरण्याची हमी देणारा हा माणूस ऐपतदार असावा लागतो, आणि ऐपत सिद्ध करण्यासाठी सातबारा, घराची करपावती किंवा ऐपतदाखला मागितला जातो. बालाघाट, शिवनी किंवा छत्तीसगडातून नागपूरच्या बांधकामांवर आलेल्या मजुराला या शहरात मुकादमाशिवाय कोणी ओळखत नाही, मग सातबारा असलेला माणूस त्याने कोठून आणायचा? परिणामी जामिनाचा आदेश हातात असलेला माणूस वर्धा रस्त्यावरच्या मध्यवर्ती कारागृहातच राहतो, आणि त्याच गुन्ह्यातला पैसेवाला आरोपी त्याच संध्याकाळी घरी जाऊन जेवतो.

शेजारच्या मध्य प्रदेशातील मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नेमकी हीच स्थिती पाहिली. आरोपी गवंडी होता, दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना केवळ स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश दिला आणि गरिबाच्या बाबतीत जामिनाची रक्कम हीच शिक्षा ठरते, हे स्पष्ट शब्दांत मांडले.

सातासमुद्रापार न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाला १९६१ मध्येच हात घातला गेला होता. मॅनहॅटन जामीन प्रकल्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगाची कल्पना लुई श्वाइट्झर या उद्योजकाची आणि तिची उभारणी हर्बर्ट स्टर्झ या पत्रकारितेतून आलेल्या तरुणाची. दोघांपैकी एकही वकील नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी स्थापन केलेल्या व्हेरा संस्थेने कामाला लावले ते न्यूयॉर्क विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांना. हे विद्यार्थी अटक झालेल्या माणसाला न्यायाधीशापुढे नेण्याआधी भेटत आणि साधे प्रश्न विचारीत: या शहरात किती वर्षे राहतोस, कोणाबरोबर राहतोस, काम कोठे करतोस, यापूर्वी शिक्षा झाली आहे का. उत्तरांची खातरजमा करून त्यांना गुण दिले जात आणि पुरेसे गुण असल्यास या माणसाला पैशाच्या हमीविना सोडावे अशी शिफारस न्यायाधीशांकडे जाई. अशा रीतीने सुटलेल्यांपैकी तारखेला न आलेल्यांचे प्रमाण अत्यल्प निघाले. माणसाला न्यायालयात परत आणते ती त्याची गावातली मुळे, पैशाची धास्ती नव्हे, हे त्या विद्यार्थ्यांच्या कागदांनी दाखवून दिले, आणि त्यातूनच १९६६ मध्ये अमेरिकेत जामीन सुधारणेचा संघराज्यीय कायदा झाला.

हा प्रयोग भारतात आला तो एका खटल्यातून, आणि त्या खटल्याची सुरुवात विदर्भाच्या मातीतल्या माणसाने केली. खुसरो फरामर्झ रुस्तमजी यांचा जन्म १९१६ साली नागपूरला लागून असलेल्या कामठीचा. पोलीस सेवेत आयुष्य घालवून सीमा सुरक्षा दलाची उभारणी केलेला हा अधिकारी राष्ट्रीय पोलीस आयोगाचा सदस्य म्हणून बिहारच्या तुरुंगांत गेला, तेव्हा त्याला असे कच्चे कैदी भेटले ज्यांच्या गुन्ह्याला होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेहून अधिक काळ ते आत होते. जानेवारी १९७९ मध्ये रुस्तमजींनी इंडियन एक्सप्रेसमध्ये दोन लेख लिहिले. ते वाचून दिल्लीतील वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ज्या काळात भारतीय मुलीने वकील होणे हेच अप्रूप होते त्या काळात वेल्समधील कार्डिफ येथे कायदा शिकून त्या परतल्या होत्या. ज्याचे नुकसान झाले त्यानेच न्यायालयात यावे, हा तेव्हाचा रूढ दंडक. हिंगोरानी ना कैदी होत्या ना कैद्यांच्या नातेवाईक, आणि तरीही न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. हुसैनारा खातून या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी मॅनहॅटन प्रकल्पाचा नावानिशी उल्लेख केला, आरोपीला सोडताना त्याचे वास्तव्य, रोजगार, कुटुंब, लौकिक पाहावा असे घटक सांगितले, जलद सुनावणी हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला, आणि त्या एका याचिकेमुळे हजारो कैद्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. कामठीचा पोलीस अधिकारी, कार्डिफची विद्यार्थिनी आणि मॅनहॅटनचे प्रश्न विचारणारे विद्यार्थी एका निकालपत्रात एकत्र आले, ही घटना नागपूरच्या प्रत्येक कायद्याच्या वर्गात सविस्तर शिकवली जायला हवी. तेथे तिचा उल्लेख बहुधा जनहित याचिकेचा आरंभ एवढ्या एका ओळीत उरकला जातो.

ही पद्धत आज नागपुरात प्रत्यक्ष पाहायला मिळते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३९-अ गरिबीमुळे कोणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून मोफत विधी साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकतो, आणि त्याच अनुच्छेदाचे नाव घेतलेल्या, दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पाने राज्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या साहाय्याने नागपूर आणि येरवडा येथील मध्यवर्ती कारागृहांत कच्च्या कैद्यांसाठी काम उभे केले. त्या प्रकल्पाचे संस्थापक अनुप सुरेंद्रनाथ ऑक्सफर्डला शिकून आलेले आहेत. या कामात तरुण वकिलाच्या जोडीला समाजकार्य शिकलेला कार्यकर्ता असतो, आणि बहुतेक वेळा कायद्याचा मार्ग मोकळा होतो तो त्या कार्यकर्त्याने शोधून काढलेल्या एखाद्या पत्त्यामुळे.

विद्यार्थ्याची वाढ येथे डोळ्यांनी दिसते. तुरुंगात पहिल्यांदा गेलेला विद्यार्थी कैद्याला विचारतो, कलम कोणते लागले? कैद्याला बहुधा ते ठाऊक नसते, त्याला पुढची तारीख हवी असते. विद्यार्थी दोषारोपपत्र मागतो, तर ते कोणाकडे आहे याचाच पत्ता नसतो. नेमून दिलेल्या वकिलाचे नाव विचारले की कैदी न्यायालयात दिसलेल्या काळ्या कोटाचे वर्णन करतो. चार-पाच भेटींनंतर विद्यार्थ्याचे प्रश्न बदलतात: अटकेच्या दिवशी कोणत्या बांधकामावर होतास, मुकादमाचे नाव काय, घरी निरोप पोहोचला का, आधी कधी शिक्षा झाली होती का. शेवटच्या प्रश्नाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मुळे फार महत्त्व आले आहे, कारण पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल, आणि गुन्हा फाशीचा वा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. मात्र हे एकतृतीयांशाचे गणित कोणीतरी कैद्याशेजारी बसून मांडावे लागते.

परदेशी अनुभव आपल्या मातीत रुजवण्याची थोर परंपरा नागपूरला दीक्षाभूमीच्या रूपाने रोज दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या, बॅरिस्टर घडविणाऱ्या जुन्या संस्थेत नाव नोंदवले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून ते परतले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि बॅरिस्टर होऊनच आले. त्यांच्या वकिलीचे सामाजिक रूप सर्वांत स्पष्ट दिसते ते महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात. २० मार्च १९२७ च्या पाणी पिण्याच्या घटनेला आपण सत्याग्रह म्हणून ओळखतो, पण त्याच डिसेंबरमध्ये तळे खाजगी असल्याचे सांगून महाडच्या काही सवर्णांनी दावा लावला, आंबेडकर प्रतिवादी झाले आणि तात्पुरता मनाईहुकूम निघाला. डॉ. आंबेडकरांनी हुकूम पाळला आणि लढा न्यायालयात नेला. मग सुरू झाले पुराव्याचे चिकाटीचे काम: तळे कोणाच्या मालकीचे, नगरपालिकेचा त्यावर काय अधिकार, अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी खरोखर अनादि काळापासूनची आहे का. महाडचे न्यायालय, ठाण्यातील अपील आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत १७ मार्च १९३७ रोजी अंतिम निकाल लागला आणि अशी रूढी सिद्ध झालेली नाही असे ठरले. हा निकाल देणाऱ्या खंडपीठातील न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हेच १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होते.

महाडचा दावा चालू होता त्याच वर्षांत अमेरिकेत चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे कृष्णवर्णीय वकील हॉवर्ड विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी घडवीत होते. वकील हा समाजाची रचना बदलणारा अभियंता असला पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. ते विद्यार्थ्यांना नुसते निकाल पाठ करू देत नसत, स्वतः चित्रीकरणाचा कॅमेरा घेऊन दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांच्या मोडक्या शाळा टिपून आणत आणि त्याच चित्रफिती पुराव्याचे काम करीत. त्यांचा विद्यार्थी थर्गुड मार्शल याने पुढे १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा ब्राउन खटला जिंकला. ह्यूस्टन ते पाहायला हयात नव्हते. महाड आणि हॉवर्ड यांचा एकमेकांशी थेट संबंध नव्हता, पण आंबेडकरांना हे साम्य पुरते जाणवत होते: १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या, कारण त्यांच्या मते दोन्ही समाजांच्या स्थितीतील सारखेपणामुळे त्यांच्या प्रश्नांचा अभ्यास अस्पृश्यांना आवश्यकच होता. ड्यु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर दिले. आज राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर विदर्भातील मुलेमुली लंडन-न्यूयॉर्कला कायदा शिकायला जातात, तेव्हा ती या पत्रव्यवहाराच्या वाटेनेच जातात असे म्हणायला हरकत नाही.

परदेशी विद्येने विदर्भाच्या एका गावाकडे पाहण्याची दृष्टी कशी धारदार होते, याचा दुसरा पुरावा देसाईगंजचा आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील त्या गावच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो, येथे ते नाव घेण्याचे कारण नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्यावर १९७९ मध्ये चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी बर्कलेचे, लोतिका सरकार केंब्रिजच्या, वसुधा धागमवार लंडनला संशोधन केलेल्या आणि रघुनाथ केळकर कायद्याचे अध्यापक. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्या पत्राचा गाभा. नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न रस्त्यावर नेला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला. जगभरची पुस्तके वाचलेल्या चौघांना देसाईगंजच्या ठाण्यातल्या रात्रीचा दिवा विझवलेला दिसला, आणि त्या अंधारात एका अनाथ मुलीच्या नकाराला आवाज कसा राहील, हे विचारण्याचे धैर्य त्यांच्यात होते.

परदेशी उदाहरणांच्या मोहात मात्र पडू नये. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००० मध्ये ग्रूटबूम खटल्यात निवारा हा सरकारवर बंधनकारक हक्क ठरवला, आणि तो निकाल जगभरच्या वर्गांत आदर्श म्हणून शिकवला जातो. जिच्या नावाचा तो खटला आहे ती आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारली तेव्हा झोपडीतच राहत होती. मुंबईच्या पदपथवासीयांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालातही उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला आणि तरीही पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्याची मुभा महापालिकेला मिळाली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की विद्यार्थ्याला कळते की निकालानंतरच्या दिवशी कोण काम करणार, याची तजवीज वकिलालाच आधी करावी लागते. २०२४ मध्ये न्यायमूर्ती गवई आणि विश्वनाथन यांनी बुलडोझरने घरे पाडण्याविरुद्ध १५ दिवसांच्या नोटिशीसह काटेकोर कार्यपद्धती घालून दिली, त्यामागे हाच अनुभव असावा.

अमेरिकेतील ब्रायन स्टीव्हन्सन यांची कहाणी नागपूरच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावी, कारण तीही एका विद्यार्थ्याचीच आहे. हार्वर्डमध्ये कायदा शिकत असताना प्रशिक्षणासाठी जॉर्जियात गेलेल्या या तरुणाला फाशीच्या एका कैद्याला एवढाच निरोप द्यायला पाठवले होते की पुढच्या वर्षभरात तुझी फाशी होणार नाही. आपल्याला काहीच येत नाही या दडपणाखाली गेलेला तो, कैद्याशी काही तास बोलून बाहेर पडला तो आयुष्याचे काम ठरवूनच, आणि पुढे त्याने अलाबामात अशा कैद्यांसाठी संस्था उभी केली. महाराष्ट्रात फाशी दिली जाते ती येरवडा आणि नागपूर या दोनच तुरुंगांत, त्यामुळे असा कैदी नागपूरच्या विद्यार्थ्यापासून एका बसच्या अंतरावर असतो.

भाषेचा प्रश्न मात्र कोणताही परदेशी वकील सोडवून देऊ शकत नाही. उच्च न्यायालयात निकाल इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत, पोलीस जबाब मराठीत, आणि गडचिरोलीहून आलेला आरोपी बोलतो माडिया किंवा गोंडी. ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी तोडके येते म्हणून वर्गात संकोच वाटतो, तोच भामरागडच्या कैद्याशी त्याच्या बोलीत दोन वाक्ये बोलू शकतो. त्याच्या या शिदोरीची किंमत त्याला बहुतेकदा परदेशी पाहुण्याच्या पहिल्याच प्रश्नातून कळते: तुमच्या अशिलाशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता?

अशा भेटीनंतरचे काम फार साधे असते. विद्यार्थी वहीत मुकादमाचा क्रमांक लिहून घेतो, न्यायमंदिराच्या आवारातून फोन लावतो, क्रमांक बंद असतो. मग तो रविवारी कळमन्याच्या बाजारात जाऊन त्याच ठेकेदाराकडची दुसरी माणसे शोधतो, त्यांच्याकडून आरोपीच्या गावच्या सरपंचाचे नाव मिळवतो, वास्तव्याचा दाखला मागवतो आणि जातमुचलक्याच्या अर्जाला तो जोडतो. अर्जावर सही वकिलाची असते.